कॅमेरा, पेन्सिल आणि नजर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

निसर्गाचे फोटो आणि त्यांच्या जोडीने केलेली स्वतःची चित्रं, या विषयावर या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : पक्षी, फुलं, किडे यांचे फोटो मी बरीच वर्षं काढतोय. फोकस बरोबर असतो, उजेड बरा असतो, लोक ‘छान’ म्हणतात. पण दुसऱ्या कुणाचा फोटो शेजारी ठेवला तर त्यातला माझा कुठला हे मलाही ओळखता येणार नाही. प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती नेमकी येते कुठून?

तुम्ही सोबत पाठवलेले फोटो मी शांतपणे पाहिले. तंत्राला नाव ठेवायला जागा नाही. पण जवळजवळ प्रत्येक फोटोत विषय मधोमध आहे, मागचं सगळं धूसर आहे, आणि पक्षी असो, फूल असो की किडा, सगळ्यांना तुम्ही एकाच मापात बसवलं आहे. समोर काय होतं ते कळतं. तुम्ही तिथे का थांबलात ते कळत नाही.

प्रेरणा कुठून येते याचं माझ्यापुरतं उत्तर असं, की ती त्या थांबण्यातच असते. चालता चालता पाय अडतो तो कशामुळे, हे ओळखायला शिकायचं. त्यासाठी मी कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी मनात एक वाक्य म्हणते, आणि त्या वाक्यात क्रियापद असावंच लागतं. नुसतं ‘टाचणी’ म्हणून भागत नाही.

टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण सडपातळ आणि बहुधा बसताना पंख मिटून घेणारा कीटक. हिचंच उदाहरण घेऊ. थंड पहाटे गवताच्या पात्यावर ती बसलेली असते तेव्हा अंग तापल्याशिवाय तिला उडता येत नाही. पंखांवर, डोळ्यांवर, अगदी पायांच्या केसांवरही दव साचलेलं असतं. आता वाक्य जर ‘टाचणी दवाने लगडली आहे’ असं असेल, तर मला तिचं सगळं शरीर स्वच्छ हवं. मग मी तिच्या बाजूला बसते, कॅमेऱ्याची पाठ तिच्या शरीराशी समांतर धरते, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान आणि स्वच्छ येणारी खोली जास्त) एफ ११ ठेवते आणि सूर्य तिच्या पलीकडे येईल असा कोन शोधते, कारण थेंब चमकतात ते मागून आलेल्या उजेडात. समांतर धरणं महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या आत जिथे प्रतिमा पडते त्या सेन्सरवर ती खऱ्या आकाराएवढी घेतली, तर एफ ८ ला जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो. कॅमेरा जरासा तिरका झाला की शेपटीकडचं टोक गेलंच.

पण थोडं थांबलं की तीच टाचणी आणखी काहीतरी करते. तुमची चाहूल लागली आणि उडण्याइतकी ऊब अंगात नसली, तर ती पात्याच्या पलीकडे सरकते. तुम्ही उजवीकडे झुकलात की ती डावीकडे. शरीर पात्याआड पूर्ण लपतं, पण डोळे डोक्याच्या दोन टोकांना असल्यामुळे पात्याच्या दोन्ही बाजूंनी ते बाहेर डोकावत राहतात. आता वाक्य बदललं : ‘ती लपली आहे आणि माझ्यावर नजर ठेवून आहे.’ या वाक्यासाठी एफ ११ नको, बाजूचा कोन नको, मागून उजेडही नको. समोरून, उभी चौकट, फोकस डोळ्यांवर, छिद्र एफ ५.६, आणि बाकी सगळं विरघळू द्यायचं. कीटक तोच, पहाट तीच. वाक्य बदललं तसं एकूण एक तंत्र बदललं. तुमच्या फोटोंना स्वतःचा चेहरा यायचा असेल तर तो इथून येईल. नव्या लेन्सने येणार नाही.

दुसरं, एका विषयापाशी राहा. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांचं ढोबळ्या मिरचीचं जे छायाचित्र जगभर पोहोचलं, ते १९३० मधलं. त्याचं नाव ‘पेपर नंबर ३०’, म्हणजे ‘मिरची क्रमांक ३०’. त्याआधी त्यांनी मिरच्या किती वेळा मांडून पाहिल्या असतील याचा अंदाज त्या आकड्यावरूनच येतो. शेवटी त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली, नरसाळ्याच्या आतून परतलेला मऊ उजेड तिच्या वळणांवर पडला, आणि मिरचीत पाठमोरं मानवी शरीर दिसावं तशी घडण उमटली. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९० आणि १८९१ मध्ये गवताच्या गंजींची चित्रं केली तेव्हाही हेच केलं : गंजी त्याच, वेळ आणि ऋतू वेगळे. अनेक कॅनव्हास हाताशी ठेवून उजेड बदलला की ते दुसरा कॅनव्हास पुढे ओढत.

तुम्हीही एक झाड, एक डबकं, भिंतीवरचा शेवाळाचा एक पट्टा, असं काहीतरी घ्या आणि पुन्हा पुन्हा तिथेच जा. पहिले काही दिवस तुमच्या हाताला सवय असलेलेच फोटो निघतील. ते संपू द्या. कंटाळा येईल, तोही येऊ द्या. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं असं मी ठामपणे सांगते.

प्रश्न : पांढरा बगळा कधी मळकट येतो, कधी पिसांचा तपशीलच उडून नुसता पांढरा डाग राहतो. कॅमेरा बिघडलाय का?

बिघडलेला नाही. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बगळा पांढरा आहे हे माहीत नसतं. ढोबळमानाने सांगायचं तर, समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी असावं असं धरून तो हिशोब करतो. चौकट बगळ्याने भरली की मीटर म्हणतो, फार उजळ आहे, कमी करा. बगळा मळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, एक स्टॉपपर्यंत वाढवा (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट, कमी केला की निम्मा). उलट काळ्या पाण्यावर लांब एकटा बगळा असेल तर मीटरला सगळा अंधार दिसतो, तो उजेड वाढवतो आणि पिसं जळतात. तिथे एक स्टॉप कमी करा. हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा, आलेख उजव्या भिंतीला धडकून चिकटला नाही ना, एवढं बघा. जळून गेलेल्या पांढऱ्यातून तपशील परत आणता येत नाही, अंधारातून बराच आणता येतो. उन्हात एकदा हिशोब जमला की मॅन्युअलवर जा (सगळे आकडे आपणच ठरवायचे), म्हणजे पार्श्वभूमी बदलली तरी बगळ्यावरचं एक्स्पोजर हलणार नाही. तो उडाला तर शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास हवं.

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर जलरंग शिकते आहे. मी स्वतः काढलेल्या फोटोंवरून झाडं आणि पक्षी रंगवते. वर्गातल्या दोघी-तिघी म्हणतात, फोटोवरून काढणं म्हणजे नक्कल, ते खरं चित्र नव्हे. मला हे मनाला लागलं आहे. तुम्हाला काय वाटतं?

मनाला लावून घेऊ नका. फोटो तुमचा, जागा तुम्ही पाहिलेली, हात तुमचा. नक्कल कुठे आली? दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र करून ते स्वतःचं म्हणून प्रदर्शनात लावलं तर तो प्रश्न वेगळा. तिथे परवानगी घ्यावीच लागते.

तरीही तुमच्या मैत्रिणींच्या म्हणण्यात एक कण आहे, तो बाजूला काढून बघू. फोटो काही गोष्टी गाळतो. त्या कोणत्या हे माहीत नसेल तर चित्रही त्या गाळतं.

सगळ्यात आधी सावली. उन्हात उभ्या झाडाच्या बुंध्याची सावलीची बाजू तुम्ही फोटोत पाहा. बहुतेक वेळा ती काळपट तपकिरी दिसेल, खाली तर जवळजवळ काळी. आता तोच बुंधा प्रत्यक्ष पाहा, पण घाई न करता, डोळ्यांना सावलीची सवय होईपर्यंत. वरच्या भागात आकाशाची निळसर झाक पडलेली असते. खालच्या भागात उन्हातल्या गवतावरून परतलेला हिरवट-पिवळा उजेड चढलेला असतो, आणि उजेड-सावलीच्या सीमेवर, जिथे ऊन संपतं तिथे, सगळ्यात गडद पट्टा असतो. त्यापलीकडे सावली पुन्हा किंचित उजळते. हा उजळणारा भागच बुंध्याला गोलाई देतो. उन्हासाठी एक्स्पोजर धरलेल्या फोटोत नेमका हाच भाग बुडतो, आणि मग चित्रातला बुंधा सपाट पाटीसारखा दिसतो. तुमच्या चित्रांत बुंधे सपाट येतात असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. कारण हेच असणार. रंगाचं कसब तुमच्यापाशी आहे.

आणखी दोन गोष्टी. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो, त्यामुळे दोन डोळ्यांनी जाणवणारी खोली फोटोत नसते. आणि फोनच्या रुंद कोनाच्या लेन्सने जवळून फोटो घेतला की पुढचं फांदीचं टोक अवास्तव मोठं आणि मागचं झाड फार लांब दिसतं. तसंच्या तसं कागदावर उतरवलं तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. चित्रासाठी फोटो घेताना चार पावलं मागे जा आणि थोडा झूम करून घ्या. एक फोटो उन्हासाठी, एक सावलीसाठी, असे दोन घ्या.

मग जागेवरच पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत पेन्सिलने एक चित्र करा. डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारकावे पुसले जातात आणि फक्त उजळ, मधलं, गडद असे तीन थर उरतात. तेवढेच भरायचे. शेजारी शब्दांत टिपा लिहा : ‘सावली वर निळी, खाली हिरवी. उजव्या फांदीमागचं आकाश सगळ्यात उजळ. वारा डावीकडून.’ माझ्या वहीत डाव्या पानावर असं चित्र आणि टिपा असतात, उजव्या पानावर नंतर छोटी प्रिंट चिकटवते. घरी रंगवताना आधी डावं पान समोर ठेवा आणि चित्राची मांडणी, रंगांची दिशा तिथूनच ठरवा. फोटो मग काढा, फांदी कुठे फुटते, चोच किती लांब आहे, एवढं तपासायला.

कॅमेराही चित्रकाराला शिकवतो हे मैत्रिणींना जरूर सांगा. धावणारा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतो, असं चित्रकार पिढ्यान् पिढ्या रंगवत आले. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून चौखूर उधळलेल्या घोड्याचे क्षण पकडले, तेव्हा दिसलं की चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा होतात तेव्हा. डोळ्याला जे पकडता येत नाही ते कॅमेऱ्याने पकडलं.

आणि कॅमेरा नसताना माणूस किती पाहू शकतो याचा दाखला हवा असेल तर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांचं सशाचं चित्र बघा, १५०२ चं. जलरंग आणि अपारदर्शक रंगात, केसांची दिशा शरीराच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर वळत जाते, आणि सशाच्या डोळ्यात खिडकीच्या चौकटीचं प्रतिबिंब आहे. रंगवायला बसण्याआधी तुम्हीही पक्ष्याच्या डोळ्यात काय चमकतंय ते बघा. आकाश चमकत असेल तर तो ठिपका वरच्या बाजूला येईल, आणि तेवढ्याने पक्षी जिवंत होईल.

प्रश्न : पावसाळी जंगलाचे फोटो काढले की सगळं एकच हिरवं दिसतं, भडक आणि प्लास्टिकसारखं. चित्रातही हिरवा रंग असाच अंगावर येतो. उपाय?

दोन्हीकडे कारण वेगळं आहे. फोटोत अडचण चकाकीची असते. ओल्या पानावर आकाश पांढरं चमकतं आणि पानाचा मूळ रंग झाकला जातो. पोलरायझर फिल्टर लावा आणि फिरवत पानांकडे बघा, एका ठिकाणी चकाकी उतरून खरा रंग वर येतो. तिथे थांबा. ढगाळ हवेतही हा उपाय चालतो, हे अनेकांना माहीत नसतं. तो उजेड एक ते दोन स्टॉप खातो, म्हणून जंगलात ट्रायपॉड हवा. संगणकावर सॅच्युरेशन (रंगांचा गडद भरदारपणा) वाढवण्याऐवजी हिरव्यातला पिवळेपणा जरा कमी करून पाहा.

रंगवताना ट्यूबमधला तयार हिरवा कागदावर थेट लावू नका. अल्ट्रामरीन या निळ्यात लेमन येलो हा पिवळा मिसळला की मऊ, किंचित ऑलिव्हकडे झुकणारा हिरवा मिळतो. थॅलो ब्ल्यू या दुसऱ्या निळ्यात तोच पिवळा टाकला की लखलखीत हिरवा. लेमन येलोऐवजी यलो ऑकर हा मातकट पिवळा घेतला तर जुन्या, दमलेल्या पानाचा रंग. भडकपणा उतरवायचा असेल तर लालाकडे झुकणारा रंग अगदी थोडा, बर्न्ट सिएनाचा एक टिपका पुरतो. एक अख्खा कागद नुसत्या हिरव्या चौकोनांनी भरा आणि प्रत्येकाखाली काय मिसळलं ते लिहा. तो कागद नेहमी जवळ राहू द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे कॅमेरा नाही, आईचा फोन मिळतो तोही थोडा वेळ. फोनवर निसर्गाचे चांगले फोटो येतात का? का कॅमेरा मिळेपर्यंत थांबू?

थांबू नकोस. फोन थोडाच वेळ मिळतो ना, मग उरलेला वेळ बघण्यात घालव, तो वाया जात नाही. फोन नसताना जागा शोधून ठेव, ऊन तिथे कधी येतं ते बघून ठेव, आणि फोन हातात आला की सरळ तिथे जा.

फोनने लांबचा पक्षी पकडायला जाऊ नकोस. बोटांनी चिमटा काढून मोठं केलेलं चित्र बहुतेक वेळा फक्त कापलेलं असतं, तपशील वाढत नाही. फोनचं बळ जवळच्या आणि लहान गोष्टींत आहे : नेच्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, कोळ्याचं जाळं, सालीवरची बुरशी. स्क्रीनवर विषयावर बोट ठेवून दाबून धर, बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात. मग बोट खाली सरकवून चित्र थोडं गडद कर, रंग भरदार होतील. भर दुपारचं ऊन असेल तर विषयावर स्वतःची सावली पाड. एका बाजूला पांढरा कागद धरलास तर त्यावरून परतलेला उजेड काळोखी बाजू उजळवतो. आणि खाली बस, पोटावर झोप. ड्यूरर यांनीच १५०३ मध्ये गवताचा एक साधा गड्डा रंगवला, तो इतक्या खालून की पाती आकाशात उभी राहिल्यासारखी दिसतात. उभं राहून काढलेल्या फोटोत ते गवत नुसतं जमिनीवरचं गवत राहिलं असतं.

तुला विल्सन बेंटली यांच्याबद्दल सांगायचं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला हा शेतकरी. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून त्यांनी १८८५ मध्ये एकट्या हिमकणाचा पहिला फोटो घेतला, तेव्हा ते विशीचेही नव्हते. कण वितळू नये म्हणून काम गारठ्यातच, उबदार खोलीबाहेर करावं लागे, आणि श्वास रोखून धरावा लागे. आयुष्यभरात त्यांनी पाच हजारांहून जास्त हिमकणांचे फोटो काढले. मोठा कॅमेरा, लांबचा प्रवास यातलं काही लागलं नाही. अंगणात जे पडत होतं तेच त्यांनी पाहिलं. तुझे फोटो मला जरूर पाठव. कमी पाठव, पण प्रत्येकाखाली तुला त्यात काय आवडलं ते लिही.

प्रश्न : फोटोवर संगणकावर किती संस्कार केले की तो खोटा होतो?

याच बेंटली यांच्या हिमकणांमागचा गडद काळा पडदा पाहिलात तर तो मूळ फोटोत नव्हता. निगेटिव्हची प्रत काढून कणाच्या कडेकडेने त्यावरचा थर ते चाकूने खरवडून काढत, म्हणजे छापल्यावर मागचा भाग काळा येई. कणाच्या आकाराला मात्र धक्का लावायचा नाही, हा आग्रह. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो घेतला. ऊन थडग्यांवरच्या क्रुसांवरून उतरत होतं, लाइट मीटर सापडेना, म्हणून चंद्राची तेजस्विता पाठ होती तिच्यावरून त्यांनी हिशोब मांडला. त्याच निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षं ते प्रिंट काढत राहिले, आणि नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश कितीतरी जास्त काळं आहे. तेव्हा संस्कार आजचे नाहीत, छायाचित्रणाइतकेच जुने आहेत.

माझी रेघ अशी. उजेड, रंगाचा तोल, कॉन्ट्रास्ट, कातरणं, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणं, यात मला काही वावगं वाटत नाही. जे तिथे नव्हतं ते आणून ठेवलं, पाखराच्या चोचीत मासा घातला, दुसऱ्या दिवसाचं आकाश जोडलं, तर ते निसर्गाचं छायाचित्र म्हणून दाखवायचं नाही. कलाकृती म्हणून खुशाल दाखवा, मी स्वतः फोटो आणि रेखाटन एकावर एक ठेवून चित्रं करते. फक्त खाली तसं लिहा. स्पर्धेला पाठवणार असाल तर तिथले नियम वाचा, मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली संस्कार न केलेली फाइल, मागितली जाते आणि ती मागणी रास्त आहे.

प्रश्न : कॅमेऱ्याशिवाय पानाफुलांची छायाचित्रं बनवता येतात असं ऐकलं. निळ्या रंगाची असतात. घरी जमेल का?

जमेल, आणि करून पाहाच. याला सायनोटाइप म्हणतात. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत शोधली, आणि पुढच्याच वर्षी इंग्लिश वनस्पतिअभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे नमुने थेट कागदावर ठेवून त्यांच्या छापांच्या पुस्तिका काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून त्याच कामाकडे बोट दाखवलं जातं.

फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, आणि पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम वेगळ्या १०० मिलिलिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा, वापरायच्या वेळी तेवढंच समप्रमाणात मिसळा. मंद पिवळ्या दिव्यात जाड जलरंगाच्या कागदावर रुंद ब्रशने पातळ थर द्या आणि अंधारात पूर्ण वाळवा. ओला कागद वापरला तर डाग पडतात. वाळल्यावर पान ठेवा, वरून काच, आणि उन्हात. पिवळट हिरवा रंग आधी निळा, मग राखाडी, किंचित धातूसारखा होतो, तिथपर्यंत ठेवा. कडक उन्हात दहा-पंधरा मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंगावर विश्वास ठेवा. मग साध्या पाण्यात, पिवळा निघणं थांबेपर्यंत धुवा. निळा रंग वाळता वाळता आणखी गडद होतो.

हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकघरातली नकोत, मुलांना एकटं सोडू नका, आणि फेरीसायनाइड तीव्र आम्लाजवळ किंवा आगीजवळ कधीही नेऊ नका, विषारी वायू निघतो. झालेला छाप सोडा किंवा साबणाच्या पाण्यात धुवायचा नाही, अल्कलीने निळा उडतो.

पान निवडताना जाडीकडे लक्ष द्या. जाड पान नुसती पांढरी आकृती देतं. पातळ पाकळी, नेच्याचं कोवळं पान, वाळून जाळी झालेलं पान यांतून थोडा उजेड आरपार जातो आणि आतल्या शिरा फिकट निळ्या उमटतात. त्या वाळलेल्या छापावर पांढऱ्या रंगाने किंवा पेन्सिलने पुढे काम करता येतं. मला स्वतःला हा टप्पा सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे छायाचित्र कुठे संपलं आणि चित्र कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही.

प्रश्न : घरट्यातल्या पिलांचा फोटो घेण्यासाठी आड येणाऱ्या दोन-तीन डहाळ्या बांधून बाजूला केल्या तर चालतं ना? नंतर सोडून द्यायच्या.

नाही. ती डहाळी पिलांची सावली असते आणि आडोसाही. बाजूला केली की ऊन थेट पडतं, शिकारी पक्ष्यांना वाट मोकळी होते, आणि तुम्ही जवळ असेपर्यंत आईबाप चारा घेऊन लांब बसून राहतात. घरटं दिसलं की मागे फिरा आणि जागा कुणाला सांगू नका. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणंही विणीच्या दिवसांत टाळा, तो बिचारा आपल्या हद्दीत शत्रू आला असं समजून खाणंपिणं सोडून धावत येतो. त्या पक्ष्याला चारा गोळा करताना लांबून टिपा. तो फोटो घरट्याच्या फोटोइतकाच बोलका होऊ शकतो.

प्रश्न : स्क्रीनवर सुंदर दिसणारा फोटो प्रिंटमध्ये काळवंडतो. आणि किती मोठी प्रिंट काढता येते?

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त परतवतो. बहुतेकांच्या स्क्रीनची चमक फार वाढवलेली असते, त्यामुळे फोटो आधीच गडद असला तरी उजळ भासतो. शेजारी कोरा पांढरा कागद दिव्याखाली ठेवा आणि स्क्रीनवरचं कोरं पांढरं पान साधारण तेवढंच दिसेपर्यंत चमक कमी करा, मग फोटोचा उजेड ठरवा.

आकाराचा हिशोब असा : हातात घेऊन बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ए ४ साठी २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आत. भिंतीवर लांबून बघायच्या मोठ्या प्रिंटला इंचाला १५० सुद्धा चालतात. पानांच्या, सालीच्या, पिसांच्या फोटोंना चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद मला बरा वाटतो, त्यावर पुढे पेन्सिल आणि रंगही बसतात. मोठी प्रिंट काढण्याआधी फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग येईल असा एक पट्टा त्याच कागदावर छापून घ्या, आणि तो ज्या भिंतीवर लावायचा आहे तिथल्या उजेडात, दिवसा आणि रात्री दिव्यात, दोन्ही वेळा बघा.